वाळूजमधील ‘पोकळ सिलिंडर’: एका नाकारलेल्या निर्यात ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दोन भावांचा एक यंत्रकामाचा कारखाना आहे. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्याकडे परदेशातून एक मोठी चौकशी आली आणि सुमारे दहा आठवड्यांनंतर त्यांनी ती नाकारली. या काळात निर्यातीच्या कागदपत्रांचा सल्लागार म्हणून मी त्यांच्याबरोबर होतो. दोघांच्या संमतीने, पण त्यांची, त्यांच्या कारखान्याची आणि समोरच्या व्यापाऱ्याची ओळख वगळून, मी ही हकीकत मांडत आहे. शस्त्रनिर्यातीचे धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिल्लीतील करार आणि क्षेपणास्त्रांची छायाचित्रे येतात. मात्र त्या धोरणाची खरी कसोटी किती खालच्या पायरीवर लागते, हे मला या प्रकरणात प्रथमच जवळून पाहायला मिळाले.

थोरले बंधू १९८८ मध्ये गंगापूर तालुक्यातील आपल्या गावातून टर्नर म्हणून वाळूजला आले. बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली होती आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या शेडची वसाहत उभी राहत होती. दोन जुन्या लेथवर सुरू झालेले काम वाढत गेले. २०१९ पर्यंत त्यांच्याकडे संगणकावर चालणारे अकरा सीएनसी लेथ, तीन व्हीएमसी (उभी मिलिंग यंत्रे) आणि शेहेचाळीस माणसे होती. धाकटे बंधू इंजिनिअर आहेत आणि ग्राहक, बँक व हिशेब तेच पाहतात. उत्पादन जवळपास सगळे दुचाकी आणि तीनचाकीच्या इंजिनाचे व गिअरबॉक्सचे होते. तेही थेट मोठ्या कंपनीला जात नसे, तिच्या पुरवठादाराला जात असे. कामगार वैजापूर, कन्नड, पैठण या तालुक्यांतील, आयटीआय झालेली मुले. घरी दोन-चार एकर कोरडवाहू कापूस, आणि पावसाने दगा दिला की घर चालायचे ते या पगारावरच.

२०१९ मध्ये कर्ज काढून घेतलेल्या दोन नव्या यंत्रांचे हप्ते सुरू होतात न होतात तोच महामारी आली. त्यातून बाहेर पडत असताना दुसरी गोष्ट स्पष्ट होऊ लागली: विजेवर चालणाऱ्या वाहनाला इंजिन नाही, त्यामुळे इंजिनाच्या आतले भाग करणाऱ्याला उद्याच्या कामाची खात्री राहिलेली नाही. बिडकीनमध्ये विद्युत वाहनांचे मोठे प्रकल्प येणार या चर्चेने शहर आनंदले होते, आणि तो आनंद रास्तही होता. पण गिअर ब्लँक करणाऱ्या या शेडमध्ये त्याच बातम्या वेगळ्या कानांनी ऐकल्या जात होत्या. २०२३ च्या पावसाळ्यानंतर त्यांची चार यंत्रे एकाच शिफ्टमध्ये चालत होती.

चौकशी आली ती या अवस्थेत.

ड्रॉइंग

आखातातील एका शहरातून ई-मेल आला होता. लिहिणारा व्यापारी होता, उत्पादक नव्हे. सोबतच्या ड्रॉइंगवर नाव होते ‘पोकळ पोलादी सिलिंडर, प्रकार अ’. दर गाडीच्या कामाच्या जवळजवळ दुप्पट होता, तीस टक्के रक्कम आगाऊ मिळणार होती आणि पहिली मागणी सहा महिने सगळी यंत्रे भरून टाकेल एवढी होती. अटी मोजक्या होत्या. मालावर कोणतीही खूण किंवा अंक कोरायचा नाही, बिलावर वर्गीकरण ‘पोलादाच्या इतर वस्तू’ असे दाखवायचे आणि माल तिसऱ्याच देशातील एका मुक्त व्यापार क्षेत्रात पाठवायचा. धाकट्यांनी उत्साहाने प्रोग्रॅम तयार करून घेतला, बाजारातून जाड गोल सळई आणली आणि एक सँपल पीस काढला.

त्या दिवशीचा प्रसंग थोरल्यांनी मला दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा सारखाच सांगितला. गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर ग्रॅनाइटच्या पाट्यावर तो जॉब ठेवला होता. तपासणी पाहणारे वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, त्यांनी तरुणपणी नागपूरजवळच्या अंबाझरी आयुध निर्माणीत अप्रेंटिसशिप केली होती. त्यांनी व्हर्निअर हातात घेतले, व्यास पाहिला, तो दीडशे मिलिमीटरहून थोडा अधिक भरला. मग व्हर्निअर बाजूला ठेवून त्यांनी अंगठा जॉबवरून हळूहळू खाली नेला. वरचा निमुळता उतार, तोंडाचे आटे, आणि बुडापासून काही अंतरावर सभोवार फिरलेली एक रुंद खाच, जिच्या तळाशी बारीक दातेरी रेषा होत्या. अंगठा त्या खाचेत थांबला. मामा म्हणाले, “दादा, हे सिलिंडर नाही. इथं तांब्याची पट्टी दाबून बसवतात, ती नळीच्या आतल्या खाचांत रुतते आणि गोळा फिरत बाहेर पडतो. वर स्फोट घडवणारा फ्यूज बसतो. हा तोफेचा गोळा आहे.”

धाकट्यांना ते माहीत नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकतो. माहीत असण्याचे काही कारणही नव्हते. वाळूजच्या शेडमध्ये ड्रॉइंग येते ते मापांसह येते, कहाणीसह येत नाही. भाग कशात बसणार हे विचारण्याची पद्धत गाडीच्या धंद्यातही फारशी नाही. दुसऱ्याच दिवशी दोघे भाऊ ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आले.

कायदा काय म्हणतो

भारतातून कोणती वस्तू परवान्याशिवाय बाहेर जाऊ शकत नाही, याची एक यादी आहे. विशेष रसायने, जैविक घटक, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांची ही यादी तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते आणि १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली ती लागू होते. तिचा सहावा विभाग युद्धसामग्रीचा आहे. यादीतील बहुतेक वस्तूंचे परवाने विदेश व्यापार महासंचालनालय देते, पण या सहाव्या विभागाचा अधिकार संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाकडे आहे. तेथे परराष्ट्र मंत्रालयाशी विचारविनिमय होऊन अर्जाचा निर्णय होतो. भारत डिसेंबर २०१७ मध्ये शस्त्रनिर्यात नियंत्रणाच्या ‘वासेनार’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा सदस्य झाला. त्या व्यवस्थेतील देश एकमेकांशी जुळणाऱ्या याद्या पाळतात आणि आपला सहावा विभागही त्यांच्या युद्धसामग्री यादीला समांतर आहे.

त्या यादीत ६ए००३ खाली दारूगोळा आणि त्याचे घटक येतात, तर ६ए०१६ खाली अशा वस्तूंसाठी खास तयार केलेली फोर्जिंग, कास्टिंग आणि इतर अपूर्ण उत्पादने येतात. अपूर्ण वस्तूसाठी वासेनारच्या यादीतील कसोटी अशी की तिचे साहित्य, तिची भूमिती किंवा तिचे कार्य यांवरून ती ओळखता आली पाहिजे. मामांचा अंगठा ज्या खाचेत थांबला होता, तीच ही भूमिती. आत स्फोटक भरलेले नाही, फ्यूज नाही, तांब्याची पट्टीही नाही, म्हणून हा नुसता पोलादाचा तुकडा आहे, हा युक्तिवाद येथे टिकत नाही. ‘पोलादाच्या इतर वस्तू’ असे लिहून माळीवाड्याच्या कंटेनर डेपोतून तो माल न्हावा शेवाला पाठवला असता, तर ते केवळ चुकीचे वर्गीकरण ठरले नसते. ती परवान्याविना युद्धसामग्रीची निर्यात ठरली असती, आणि बिलावर सही थोरल्यांची असली असती.

मी त्यांना सांगितले की सरळ मार्ग बंद नाही. आधी संरक्षण उत्पादन विभागाच्या पोर्टलवर निर्यातदार म्हणून नोंदणी करावी, त्या अवस्थेतील वस्तूच्या उत्पादनासाठी वेगळा परवाना लागतो का ते लेखी विचारून घ्यावे आणि व्यापाऱ्याकडून अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र मागावे. माल शेवटी कोण वापरणार, कशासाठी वापरणार आणि आपल्या संमतीविना तो पुढे कोणाला देणार नाही, अशी ती लेखी हमी असते. माझ्या व्यवसायात शेकडो कागद हाताळावे लागतात, पण शस्त्रांच्या व्यापारात सारे नियंत्रण अखेर या एका कागदावर येऊन टेकते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. व्यापाऱ्याच्याच लेटरहेडवर दोन ओळी होत्या: माल ‘औद्योगिक उपयोगासाठी’ आहे. अंतिम वापरकर्त्याचे नाव नव्हते, देश नव्हता. पण त्याच ई-मेलमध्ये दर आणखी वाढवून दिला होता.

एवढी मागणी कोठून आली

हा व्यापारी वाळूजपर्यंत का पोहोचला, हे समजून घेतल्याशिवाय प्रकरण अर्धेच राहते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यांची मागणी जगभर अशी वाढली की शीतयुद्धानंतर कारखाने आटोपते घेतलेल्या युरोपला ती पेलवेना. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात युक्रेनला दहा लाख गोळे देण्याचा संकल्प केला आणि तो मुदतीत पुरा झाला नाही. गोळ्याचे पोलादी कवच करायला फोर्जिंग, टर्निंग आणि काटेकोर तपासणी लागते, आणि ही तीनही कौशल्ये गाडीचे भाग करणाऱ्या प्रदेशांत असतात. ज्या काळात गाडीच्या धंद्याने वाळूजमधील यंत्रे रिकामी केली, नेमक्या त्याच काळात युद्धाने त्या यंत्रांसाठी काम निर्माण केले. आर्थिक दडपण आणि सुरक्षेचे दडपण हे शब्द धोरणाच्या चर्चेत वेगवेगळ्या प्रकरणांत लिहिले जातात. येथे ती दोन्ही एकाच ई-मेलने आली.

देशाच्या पातळीवरही हेच दोन ओढे एकमेकांत मिसळलेले दिसतात. २०१३-१४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपये होती. २०२३-२४ मध्ये ती २१,०८३ कोटी आणि २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. त्यात खासगी क्षेत्राचा वाटा १५,२३३ कोटींचा होता. २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. हे केवळ परकीय चलनाचे गणित नाही. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१०-१४ मध्ये भारताच्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता, तो २०२०-२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला; तरीही भारत जगातील सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. जो देश आपला दारूगोळा बाहेरून आणतो त्याला युद्धाच्या ऐन वेळी दुसऱ्याच्या मर्जीवर राहावे लागते, हे कारगिलने १९९९ मध्ये शिकवले. दारूगोळ्याच्या साठ्यातील तुटीकडे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात पुन्हा लक्ष वेधले होते. देशात उत्पादन उभे करायचे, तर शांततेच्या काळात ते चालते ठेवायला केवळ आपल्या सैन्याची मागणी पुरत नाही. निर्यात केली तरच कारखाना टिकतो, आणि कारखाना टिकला तरच गरजेच्या वेळी गोळा मिळतो. हा युक्तिवाद मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच त्याच्या दुसऱ्या टोकाची मला काळजी वाटते.

ते दुसरे टोक २०२४ मध्ये उघड्यावर आले. भारतात तयार झालेले तोफगोळे युरोपीय खरेदीदारांमार्फत युक्रेनपर्यंत पोहोचल्याचे वृत्त एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेने सप्टेंबरमध्ये दिले. परराष्ट्र मंत्रालयाने ते अटकळींवर आधारलेले आणि दिशाभूल करणारे असल्याचे सांगितले. वृत्ताच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. पण ज्या देशाच्या तोफा, विमाने आणि हवाई संरक्षण यंत्रणा यांचे सुटे भाग आजही मॉस्कोहून येतात, त्या देशाला एखाद्या खेपेच्या मार्गावरून असा खुलासा करावा लागणे, हीच किती नाजूक बाब आहे हे लक्षात येते. वाळूजच्या शेडमधून निघालेला एक खूण नसलेला गोळा दिल्ली आणि मॉस्को या दोन राजधान्यांच्या मध्ये जाऊन उभा राहू शकतो.

त्याच वर्षी ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने इस्रायलला होणारी लष्करी सामग्रीची निर्यात थांबवावी, ही याचिका फेटाळली. परराष्ट्र धोरण हे कार्यकारी मंडळाचे क्षेत्र आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे कोणाला विकायचे आणि कोणाला नाही, याचा निर्णय सरकारच्या विवेकावर आहे. विदेश व्यापाराच्या कार्यपद्धती पुस्तिकेत अंतिम वापरकर्त्याची विश्वासार्हता आणि माल दुसरीकडे वळण्याचा धोका यांसारखे मुद्दे परवाना देताना विचारात घ्यावेत असे म्हटले आहे. युरोपीय संघाने मात्र २००८ च्या सामायिक भूमिकेत आठ निकष बांधून दिले आहेत आणि त्यातील दुसरा मानवाधिकार व युद्धकायद्याच्या पालनाचा आहे. २०१३ च्या शस्त्र व्यापार कराराच्या मतदानात भारत तटस्थ राहिला. तो करार निर्यातदार देशांच्या बाजूने झुकलेला आहे, अशी आपली तक्रार होती. तेव्हा आपण प्रामुख्याने आयातदार होतो, त्यामुळे ती तक्रार समजण्यासारखी होती. आज आपण ५०,००० कोटींकडे निघालेले निर्यातदार आहोत. आपली जागा बदलली आहे, तेव्हा निकषांचीही नव्याने मांडणी व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉव्हेंट्रीचा दाखला

या दहा आठवड्यांत मी दोघा भावांना एका जुन्या प्रकरणाची हकीकत सांगितली, कारण ती त्यांच्याच धंद्यातली होती. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे मॅट्रिक्स चर्चिल नावाची लेथ बनवणारी कंपनी होती. १९८७ मध्ये ती इराकी हितसंबंधांच्या ताब्यात गेली आणि तिची यंत्रे इराकला जाऊ लागली. कागदावर ती सर्वसाधारण अभियांत्रिकी उपयोगाची होती. प्रत्यक्षात त्यांवर गोळे आणि फ्यूज होऊ शकत होते. ब्रिटनमधील यंत्र-उद्योग तेव्हा अडचणीत होता, ऑर्डर आणि रोजगार हवे होते. इराण-इराक युद्ध थांबल्यानंतर तेथील मंत्र्यांनी निर्यातीचे निर्बंध संसदेला न सांगता सैल केले. पुढे कुवेतचे युद्ध झाले, वारे फिरले आणि सीमाशुल्क खात्याने कंपनीच्या तिघा अधिकाऱ्यांवर खटला भरला. नोव्हेंबर १९९२ मध्ये माजी मंत्री ॲलन क्लार्क यांच्या साक्षीने सरकारला यंत्रांचा संभाव्य उपयोग ठाऊक होता हे उघड झाले आणि खटला कोसळला. न्यायमूर्ती स्कॉट यांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी १९९६ मध्ये आला. निर्यातीला वरून मूक संमती होती आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र कारखान्याची माणसे उभी राहिली.

थोरल्यांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “मग त्या तिघांच्या घरच्यांचं मधल्या काळात काय झालं?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

उलट दिशेचा दाखलाही आहे. जर्मनीने युक्रेनला गेपार्ड विमानविरोधी तोफा दिल्या, पण त्यांच्यासाठी लागणारा ३५ मिलिमीटरचा स्विस दारूगोळा पुढे द्यायला स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये संमती नाकारली, कारण पुनर्निर्यातीच्या हमीपत्रात ती अट होती आणि स्विस तटस्थता तिच्यावर उभी होती. स्वित्झर्लंडवर टीका झाली, त्यांचा ग्राहक दुरावला आणि जर्मनीने आपल्याकडे उत्पादन सुरू करण्याचा मार्ग धरला. हमीचा कागद खरोखर पाळायचा तर त्याची किंमत द्यावी लागते. आपण ती द्यायला तयार आहोत का, याची आपल्याकडे उघड चर्चा झालेली मला आठवत नाही.

दोघा भावांचा निर्णय

जानेवारीच्या एका संध्याकाळी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, शेडमधल्या छोट्या ऑफिसात शेवटचे बोलणे झाले. धाकट्यांनी कागदावर आकडे मांडले होते: दोन यंत्रांचे हप्ते, बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा, पगार. ते म्हणाले, “दादा, आपण नाही दिला तर शेजारच्या शेडमधून जाईल. गोळा काय थांबणार नाही.” थोरले बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “जाईल. पण माझ्या चलनावर जाणार नाही. तो कुठं पडणार हे ज्याला सांगता येत नाही, त्याला मी माल देत नाही.” धाकट्यांनी वाद वाढवला नाही. रात्रीच नकाराचा ई-मेल गेला आणि व्यापाऱ्याचे उत्तर कधीच आले नाही.

धाकट्यांचा युक्तिवाद हलका नव्हता, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. जगातील प्रत्येक शस्त्र निर्यातदार देशाने हाच युक्तिवाद केव्हा ना केव्हा केला आहे. सरकारांनी तो संसदेत मांडला, त्यांनी तो शेडमध्ये मांडला, एवढाच फरक. शिवाय सरकारांच्या पाठीशी तिजोरी असते. या कारखान्याने नकाराची किंमत मार्चपर्यंत मोजली. एक सीएनसी विकावी लागली आणि कंत्राटावरच्या नऊ मुलांना थांबवावे लागले. त्यातील एक कन्नड तालुक्यातला मुलगा पुढे पुण्याला चाकणमध्ये लागला, बाकीच्यांपैकी काही गावी परतले.

अशा संशयास्पद चौकशीची माहिती सरकारी यंत्रणेला द्यावी, असे थोरल्यांच्या मनात होते. पण एखाद्या लहान उद्योजकाने कोठे जावे, कोणाला सांगावे आणि सांगितल्यावर आपल्यालाच चौकशीच्या फेऱ्यात अडकवले जाणार नाही याची हमी कोण देणार, याचे उत्तर त्यांना जिल्ह्याच्या पातळीवर कोणाकडूनच मिळाले नाही. दिलेल्या परवान्यांची संख्या दरवर्षी प्रसिद्ध होते: २०२३-२४ मध्ये १,५०७ आणि २०२४-२५ मध्ये १,७६२. परंतु वाळूजमध्ये जो नकार दिला गेला, त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. तो व्यापारी दुसऱ्या कोणाकडे गेला असेल, तर त्या दुसऱ्या शेडमध्ये अंबाझरीत शिकलेले मामा असतीलच असे नाही.

परवान्याच्या वाटेवर

सुमारे आठ महिन्यांनी पुणे पट्ट्यातील एका परवानाधारक कंपनीचे काम मिळाले. तोफेच्या एका भागाचे यंत्रकाम या कारखान्यात होते. पुढील जोडणी, परवाना आणि निर्यात मूळ कंपनीच्या नावावर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या खुल्या सर्वसाधारण निर्यात परवान्यामुळे ठरावीक देशांना सुटे भाग पाठवताना दर खेपेला नवा अर्ज करावा लागत नाही, म्हणून अशा कंपन्यांना नियमित काम देता येते. हा बदल चांगला आहे आणि त्याचा लाभ वाळूजपर्यंत पोहोचतो आहे, हे मी प्रत्यक्ष पाहिले.

मात्र पैसे नव्वद दिवसांनी येतात. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार ही मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाता कामा नये. प्राप्तिकर कायदाही उशिरा दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी नाकारतो. तरीही ग्राहक तुटेल या भीतीने लहान पुरवठादार तक्रार करत नाही. माझा मुद्दा येथेच आहे. ज्याला परवान्याच्या वाटेने केलेल्या कामाचे पैसे चौथ्या महिन्यात मिळतात, त्याच्यासमोर तीस टक्के आगाऊ घेऊन दुसरा कोणी उभा राहिला, की निर्यात नियंत्रणाचा सारा भार त्या माणसाच्या सचोटीवर पडतो. संरक्षण कंपन्यांनी लहान पुरवठादाराचे बिल वेळेवर चुकते करणे ही केवळ व्यापारी शिस्त नाही. शस्त्र भलत्या हातांत जाऊ नये यासाठी उभारायच्या कुंपणाचा तो पहिला खांब आहे. परवाना देताना मूळ कंपनीकडून पुरवठादारांच्या देणींचा दाखला मागितला, तर हे काम एका वर्षात मार्गी लागेल.

दुसरी गरज शिक्षणाची आहे. अमेरिकेत परराष्ट्र खात्याचा ‘ब्लू लँटर्न’ नावाचा कार्यक्रम १९९० पासून अंतिम वापराची पडताळणी करतो; तेवढे मनुष्यबळ उभारायला आपल्याला वेळ लागेल. पण युद्धसामग्रीच्या यादीची सोप्या मराठीतील सचित्र पुस्तिका वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील प्रत्येक यंत्रकाम करणाऱ्या शेडमध्ये पोहोचवायला काहीच अडचण नाही. येथील उद्योजकांच्या संघटना जागरूक आहेत, आयटीआयच्या शिक्षकांचा मुलांवर प्रभाव आहे. टर्नरला गेज वाचायला शिकवतो त्याच वर्गात कोणत्या आकाराचा भाग दिसला की ड्रॉइंग घेऊन मालकाकडे जायचे, हेही शिकवता येईल. निर्यातीचे उद्दिष्ट दुप्पट करताना हे काम मागे ठेवले, तर लहान शेडमधली चूक कोणाच्याही हेतूविना घडेल आणि तिचा खुलासा पुन्हा दिल्लीला करावा लागेल.

त्या सँपल पीसचे काय झाले, हे मी गेल्या महिन्यात विचारले. थोरल्यांनी तो बँडसॉवर तीन तुकड्यांत कापून भंगारात घातला होता. फक्त खाचेचा भाग, हाताच्या वितीएवढा रुंद एक कडा, मामांनी मागून घेतला. तो आता तपासणीच्या टेबलाशेजारी लाल टॅग लावून ठेवलेला असतो आणि नव्याने लागलेल्या प्रत्येक मुलाला मामा त्या खाचेवरून अंगठा फिरवायला लावतात.

मी तेथे होतो त्या दिवशी परवानाधारक कंपनीकडून नवे ड्रॉइंग आले होते. त्याच्या कोपऱ्यात परवान्याचा क्रमांक लिहायची जागा कोरी होती. मामांनी पहिले टूल लावू दिले नाही. धाकट्यांनी फोन करून क्रमांक मागवला. तो येईपर्यंत दुपारचे तीन वाजले आणि यंत्र अर्धी शिफ्ट बंद राहिले.